मॅडमना बोलायला बंदी आहे

४ मार्च

वही घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, हिशेबाची हवी का? म्हटलं, नाही, बोलायची. तो बघतच राहिला, आणि मलाही पुढे समजावून सांगायचा कंटाळा आला. माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं.

झालंय असं की माझ्या स्वरतंतूवर गाठ निघाली आहे. गेले काही महिने आवाज फाटत होता, वरचे सूर लागत नव्हते, आणि मी त्याचं खापर थंड पाण्यावर फोडत होते. आज घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून मला ती पडद्यावर दाखवली. एवढीशी आहे, पण तिथे तिचं काही काम नाही. काढायची, तपासायला पाठवायची आणि त्यानंतर तोंड पूर्ण बंद. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगू? तुम्हीच लोकांना सांगता." खरं आहे. मी स्पीच थेरपिस्ट. शाळेतल्या शिक्षकांना, लिलाव पुकारणाऱ्यांना, रस्त्यावर माल विकणाऱ्यांना आवाजाला विश्रांती कशी द्यायची हे मी अर्धं आयुष्य शिकवत आले. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत माझ्याच हाताने लिहिलेला तक्ता आहे. लाल अक्षरात: 'कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे.'

तपासणीत काय निघेल याची भीती वाटते. ते इथे लिहून ठेवते, कारण घरात सांगितलं तर नवरा चष्म्याची काच पुसत "बघू" म्हणेल. खाली त्याचं चष्म्याचं दुकान, वर माझं क्लिनिक, त्याच्यावर घर. तो दिवसभर गिऱ्हाइकांना "आता दिसतंय? आणि आता?" एवढंच विचारतो. घरी आल्यावर तेवढंही नाही.

७ मार्च

क्लिनिक बंद ठेवता येत नाही. मुलांचा उपचार मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि शिकलेलं माणूस एवढ्या थोड्या दिवसांसाठी यायला तयार नाही. शेवटी कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांनी शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी पाठवली. तिने उपचार द्यायचे तर माझ्यासारखं कोणीतरी खोलीत हजर पाहिजे, असा नियम. म्हणजे बसावं मला लागणारच, फक्त मुकाट्याने.

मुलाखत उत्तम झाली. क्लिनिक कसं उभं केलं ते मी तिला सांगितलं. माझी पद्धत सांगितली: मुलांशी अखंड बोलायचं, गाणी म्हणायची, खोली शब्दांनी भरून टाकायची. मग बाहुल्यांची पेटी उघडून एकेका बाहुलीचा आवाज काढून दाखवला. पोरीला फारसं काही बोलता आलं नाही. बुजरी दिसते. शेवटी मी विचारलं, तुला काही विचारायचंय का? तर म्हणाली, "मॅडम, तुम्हाला ऑपरेशनपर्यंत कमी बोलायला सांगितलंय ना? मग बाहुल्यांचे आवाज काढायला नको होते."

माझा पारा चढला. बारीक, सरळ आणि टोकाला टोचणारी. मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवलं. आणि घेतलं कामावर, कारण दुसरं कोणी नव्हतं.

१० मार्च

आज टाचणीला पहिल्यांदा मुलांसोबत बसवलं. घाबरत नाही, हे मान्य. पण ती प्रश्न विचारते आणि थांबते. इतकी थांबते की मलाच उत्तर द्यावंसं वाटतं. दोनदा दिलंही.

शेवटी बटण आली. ही पाच वर्षांची मुलगी फ्रॉकची बटणं गळ्यापर्यंत लावून येते, आणि तोंडही तसंच बंद, म्हणून माझ्या हिशेबी ती बटण. घरी भरपूर बोलते. घराबाहेर एक अक्षर नाही. शाळेत बाथरूमला जायचंय हेही सांगत नाही, मग कपडे ओले होतात आणि मुलं हसतात. वडील बस चालवतात. कामावरून सुटले की युनिफॉर्मवरच तिला घेऊन येतात आणि खुर्चीच्या काठावर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहतात. आठ महिने मी त्या पोरीपुढे गाते आहे, नाचते आहे. "बोल ना गं राणी, एकदाच बोल ना." ढिम्म.

टाचणीने तिच्यापुढे रंगीत खडू ठेवले आणि म्हणाली, "बोलावंसं वाटलं तर बोल. आत्ता नको असेल तर नंतर." आणि स्वतः चित्र रंगवत बसली. अख्खा वेळ! असं म्हटल्यावर मूल जन्मात बोलेल का? नंतर म्हणजे कधी? ती दोघं गेल्यावर मी टाचणीला नीट समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पटलं असं मात्र म्हणाली नाही.

१४ मार्च

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येत होते तेव्हा नर्सने विचारलं, बरं वाटतंय का? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नवऱ्याने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याची ही हिंमत पहिलीच. आता पाटी आणि खडू उशाशी.

१६ मार्च

क्लिनिकच्या आतल्या खोलीतला नळ गळतो. माझं घर वरच्या मजल्यावर, तरी दुपारी तो ऐकू येतो. इतकी वर्षं तो गळत असणार.

आणखी एक. नवरा बोलायला लागला आहे. जेवताना मी पाटीवर 'मीठ' लिहिलं. त्याने मीठ सरकवलं आणि तिथून जी गाडी सुटली ती थांबेचना. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला दुकानात येतात, म्हणाला. त्यांची बायको वारली आहे. तिचा चष्मा घेऊन येतात, स्क्रू घट्ट करून घेतात, काचा पुसून घेतात आणि घेऊन जातात. हा त्यांच्याकडून काही घेत नाही. मी भराभर लिहिलं, 'हे मला कधी सांगितलं नाहीस?' म्हणाला, "दोनदा सुरुवात केली होती."

याचा अर्थ काय ते कळलं नाही. पण गोष्ट चांगली होती. उठून त्याच्यासाठी चहा केला.

१९ मार्च

रिपोर्ट आला. साधी गाठ. बाकी काही नाही.

जीव भांड्यात पडला. डॉक्टरांकडून परतताना नवरा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी शेजारी बसले. बोलता येत नव्हतं म्हणून त्याचा हात धरून ठेवला. एरवी मी काय काय बोलले असते!

आता उरला प्रश्न आवाजाचा. जखम नीट भरली तर आवाज पहिल्यासारखा. भरता भरता मी त्याला कामाला लावलं तर व्रण राहील, आणि उरलेलं आयुष्य घोगऱ्या आवाजात काढावं लागेल. ज्या बाईचं पोट आवाजावर चालतं तिच्यासाठी ही काही छोटी गोष्ट नाही.

२१ मार्च

क्लिनिकला परत गेले. कोपऱ्यात खुर्ची, मांडीवर पाटी. शिक्षा झालेल्या पोरासारखी मी.

टाचणी बटणला घेऊन बसली होती. पुन्हा तेच, खडू आणि शांतता. वीस मिनिटं मी कळ काढली. मग राहवेना. पुढे वाकून अगदी हळू टाचणीच्या कानात म्हटलं, "अगं, काहीतरी विचार तिला." नुसती कुजबुज. टाचणी उठली, दार उघडलं आणि बाहेरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. माझ्याच अक्षरातल्या. 

बटणला वाचता येत नाही. तरी तिने तक्ता पाहिला, टाचणीचं बोट पाहिलं, आणि मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी लाजेने लाल झाले होते. एका विद्यार्थिनीने माझ्याच क्लिनिकमध्ये, पेशंटसमोर, माझी शोभा केली. पाटीवर लिहून तिला चार शब्द सुनवावे म्हटलं, पण पाटीवर राग नीट मावत नाही.

२४ मार्च

बहिणीचा फोन. ती रडकुंडीला आली होती, तिला माझा आवाज ऐकायचा होता. दोनच मिनिटं कुजबुजले. त्याने काय होतंय?

२८ मार्च

व्हायचं ते झालं. तपासणीत सूज निघाली. डॉक्टरांनी विचारलं, बोललात का? मी मान हलवली, नाही. कुजबुजलात? पुन्हा नाही. आणि शेजारून नवरा म्हणाला, "बहिणीशी फोनवर. आणि झोपायला जाताना आरशासमोर, आवाज आहे का बघायला."

हा माणूस बोलायला लागला ते माझ्याच मुळावर! डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाले, आता जरा काळजी वाटते. बंदी वाढली. पुढच्या तपासणीपर्यंत एक हुंकारही नको.

घरी आल्यावर रडले. रडतानाही आवाज काढायचा नसतो, हे पेशंटना सांगणं किती सोपं होतं. आवाज गेला तर मी कोण, हेच मला कळत नाहीये. हे इथे लिहिलं, बरं वाटलं.

२ एप्रिल

टाचणीला मी खरं सांगितलं, पाटीवर. मला वाटलं होतं, सांगितलं होतं ना, असं म्हणेल. तिने फक्त विचारलं, "खूप भीती वाटते का?" आणि थांबली. नेहमीसारखी, लांबलचक. मी पाटी पुसून पुसून तीनदा लिहिलं. ती तेवढा वेळ बसून होती. तिची बस चुकली.

बटणचे वडील आज स्वतःहून हसत आले. म्हणाले, घरी हिने आईला सांगितलंय, आमच्या मॅडमना बोलायला बंदी आहे, बोलल्या की ताई तक्ता दाखवते. बाहुलीच्या तोंडाला रुमाल बांधून तोच खेळ चालतो म्हणे. हल्ली बटण येते ती थेट माझ्या खुर्चीपाशी. माझ्या पाटीवर चित्र काढते, मी त्याला शेपूट काढते, ती त्याला टोपी घालते. मी चुकून तोंड उघडलं तर स्वतःच्या ओठांवर बोट ठेवते. पाटीचं वेड लागलंय पोरीला. क्लिनिकसाठी आणखी दोन पाट्या आणायला हव्यात.

९ एप्रिल

आजचं आजच लिहून ठेवते.

नळ दुरुस्त करायला प्लंबरला बोलावलं होतं. तो नेमका टाचणी एका मुलाला खाली सोडायला गेली तेव्हा आला. बाहेरच्या खोलीत मी, बटण आणि तिचे वडील. त्याने विचारलं, नळ कुठे आहे? पाटी बटणकडे, तिच्यावर कुत्र्यासारखं काहीतरी काढलेलं. मी हातवारे केले. त्याला कळेना. पुन्हा विचारलं, मोठ्याने. मग वैतागून म्हणाला, "अहो बाई, ऐकू येत नाही का? मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. शब्द दातांपर्यंत आला होता.

"त्या बोलणार नाहीत. त्यांचा घसा बरा होतोय."

कोण बोललं ते बघायला मी मागे वळले. मागे भिंत होती. बटण पाटी छातीशी धरून माझ्यापुढे उभी होती.

प्लंबरला काय माहीत! तो म्हणाला, "बरं, मग तू सांग, नळ कुठंय?"

"आत. उजवीकडे. रात्रंदिवस गळतो."

आणि त्याला दाखवायला आत गेली. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. खांदे हलत होते. टाचणी जिन्यातून वर आलेली, दाराची चौकट घट्ट धरून उभी. मी टाळ्या वाजवायला हात उचलले तर तिने डोळे मोठे केले. नाही. काही झालंच नाही असं वागायचं. मी हात खाली घेतले आणि त्यांच्यावर बसले.

बटण परत आली, पाटी पुसली आणि कुत्र्याला नवीन पाय काढायला लागली.

आठ महिन्यांच्या माझ्या गाण्यांचं सार्थक झालं! सगळं पोरीच्या आत साठत होतं, आज बाहेर पडलं. मी टाचणीला तसं लिहून दाखवलं. ती म्हणाली, "असेल, मॅडम." आणि हसली. आज पहिल्यांदा ती मला सुंदर दिसली.

१४ एप्रिल

सूज गेली. जखम भरली, व्रण नाही. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, दोन पांढऱ्या स्वच्छ पट्ट्या. इतकं सुंदर दृश्य मी नवऱ्याच्या दुकानातल्या एकाही काचेतून पाहिलेलं नाही. प्लंबर आला त्या दिवशी बोलले असते तर, असं मी मनाशी म्हटलं आणि अंगावर काटा आला.

पहिले दोन दिवस नुसता हुंकार, मग थोडे शब्द. माझी थेरपिस्ट कोण, तर टाचणी. ओठ मिटून "म्" म्हटलं. आवाज आला! माझाच. नवरा दुकान सोडून जिन्यात उभा राहून ऐकत होता.

१५ एप्रिल

टाचणीला मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलंय, परीक्षा झाली की रुजू हो म्हणून.  तिला पाटीवर लिहिलं, इथेच राहा, कायमची. मग वाटलं, हिची मुलाखत पुन्हा घ्यावी. पाटी बाजूला ठेवली आणि बसले.

ती बराच वेळ गप्प होती. मीही. मग बोलायला लागली. तिला जमिनीवर बसून काम करायचं आहे, खुर्च्या नकोत. बाहुल्यांची पेटी काही दिवस वर ठेवावी, मुलं बाहुल्यांकडे बघतात आणि माणसांकडे बघत नाहीत. पालकांसाठी वेगळा तास हवा. हॉस्पिटलात एका मुलाला पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात तिला थांबता येणार नाही. आणि पहिल्या दिवशी मला ती इतकी घाबरली होती की घरी जाऊन झोपूनच राहिली.

पोरगी बुजरी नाही. किती बोलते! मला पहिल्या मुलाखतीत कसं कळलं नाही, याचं नवल वाटतं. बाहुल्यांबद्दल मला पटलेलं नाही. पण पेटी माळ्यावर ठेवली. ती राहणार आहे.

१७ एप्रिल

आज शब्दांची परवानगी. पहिला शब्द बटणसाठी, हे मी ठरवून ठेवलं होतं. "शाबास गं राणी." अंघोळ करताना मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं.

सगळे जमले. टाचणी, बटणचे वडील, दुकानाला कुलूप लावून नवरासुद्धा. बटण माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आता बोलता येतं?"

मी मान डोलावली.

"मग बोला."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी श्वास घेतला, आणि काही नाही. घसा बरा आहे, डॉक्टरांनी मला दाखवलाय. शब्द ठरलेला होता. पण इतके डोळे माझ्या ओठांवर, आणि आतून कोणी तरी कडी लावल्यासारखं झालं. नवरा मायेने म्हणाला, "बोल ना गं, एकदाच." त्याने ती कडी आणखीच घट्ट झाली. कानशिलं तापली. तिथून पळून जावंसं वाटलं. माझी आठ महिन्यांची गाणी मला आठवली, एकेक ओळ.

बटणने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली, खडूंचा डबा उघडला आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्ता नको असेल तर नंतर."

आणि ती रंगवायला लागली. टाचणीही तिच्या शेजारी बसली. वडील खिडकीपाशी गेले, नवरा नळ बघायला आत गेला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले आणि पाटीवर एक घर काढलं. घराला दार काढलं, जिना काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. आभाळ रंगवायला घेतलं तर खडू बटणच्या बाजूला.

"निळा दे," मी म्हटलं.

तिने मान वर न करता दिला.